हुशार मांडणी

सकाळपासून मास्तरीण एकच वाक्य लिहायला बसली होती आणि ते वाक्य काही केल्या तडीस जात नव्हतं.

वाक्यात तसं अवघड काही नव्हतं. लागोपाठ दोन छोट्या रेघा टाइप केल्या की त्यांची आपोआप एक लांब रेघ होते, एवढंच सांगायचं होतं. आणि पुढे उदाहरण म्हणून त्या दोन छोट्या रेघा दाखवायच्या होत्या. पण ती रेघा टाइप करायची आणि स्पेस दाबली रे दाबली, की दोघी एकमेकींना चिकटून लांबलचक एक रेघ होऊन बसायच्या. पुसायचं, पुन्हा टाइप करायचं, पुन्हा तेच. शेवटी तिच्या पानावर जे उरलं त्याचा अर्थ असा होत होता, की लांब रेघ टाइप केली की लांब रेघ होते.

"मुनी," खुर्ची मागे ढकलत ती म्हणाली, "हे बंद कुठून करायचं?"

मुनी म्हणजे त्यांच्या ऑफिसातला प्रोग्रामर. तोंड उघडायचं त्याच्या फार जिवावर यायचं, म्हणून हे नाव. त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, "बटण नाही."

"नाही म्हणजे? राहिलं?"

"ठेवायचंच नाही असं ठरलंय."

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वर टेबलावरची पेनं थरथरायची. एवढ्याशा जागेत ही मंडळी एकच वस्तू बनवत आली होती. ‘पाटी’ नावाचा, संगणकावर साधा मजकूर लिहायचा प्रोग्राम. त्यात रंग नाहीत, अक्षरांचे नखरे नाहीत, चौकटी नाहीत. उघडलं की कोरी जागा आणि लुकलुकणारी एक उभी खूण. ज्यांना नुसतं लिहायचं असतं, अशा लोकांनी पाटीला जीव लावला होता. आणि पाटी कशी वापरावी हे सांगणारी मदतीची सगळी पानं लिहिणं हे मास्तरणीचं काम. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने संडासाच्या दारावरच्या सूचनेतल्या चुका पेनाने दुरुस्त केल्या होत्या. तेव्हापासून ती मास्तरीण झाली ती झालीच.

मदतीच्या पहिल्या पानावर तिने फार पूर्वी दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘पाटीवर जे लिहाल ते तसंच राहील. पाटी तुमच्या मजकुराला हात लावत नाही.’ त्या ओळींसाठी कुणाकुणाची आभाराची पत्रंसुद्धा आली होती. मास्तरीण कधी बोलून दाखवायची नाही, पण त्या दोन ओळींवर तिचा मनातून फार जीव होता.

आणि आता मालकांनी नव्या आवृत्तीत ‘हुशार मांडणी’ आणली होती. रेघा जोडणं ही त्यातली सगळ्यात गरीब खोडी. तुम्ही साधं अवतरणचिन्ह टाकलं की ती त्याला शेपूट वाकवून द्यायची. दोन चांदण्यांच्या, म्हणजे तारकाचिन्हांच्या, मध्ये काही लिहिलं की चांदण्या गिळून मधली अक्षरं ठळक करायची. ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब दिसलं, की ही यादी आहे असं स्वतःच ठरवून फाइल सेव्ह होताना आकडे ओळीने लावून टाकायची. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. पण हिची लुडबुड चालूच.

"नव्या लोकांना सगळं आयतं लागतं," मालक म्हणाले होते. ते हसतमुख माणूस, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पुढच्या महिन्यात मोठ्या कंपनीची माणसं पाटी बघायला येतायत. त्यांच्यासमोर कोरी जागा दाखवू का? पान जरा गोड लिहा."

"आणि पहिल्या पानावरच्या ओळी?"

"त्या राहू द्या की. ते आपलं ब्रीद आहे."

मास्तरणीने उदाहरण दुसऱ्या प्रोग्राममध्ये लिहून, त्याचं चित्र काढून पानावर चिकटवलं. पान गेलं, नवी आवृत्ती लोकांच्या संगणकांवर आपोआप गेली. पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी भाजी चिरतानाही ती मध्येच उठून उगाच दार लागलंय का बघून यायची. नवऱ्याने विचारलं, "काय शोधतेस?" तर ती म्हणाली, "काही नाही." आणि खरंच, नेमकं काय ते तिलाही सांगता आलं नसतं.

ते सांगायची वेळ तिच्या नणंदेने आणली.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणायचे, आणि गल्लीतही तिला दुसरं नाव नव्हतं. खालच्याच मजल्यावर एकटी राहायची. सारी नोकरी तिने इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात नर्स म्हणून काढलेली. निवृत्त झाली तरी हाताला स्वस्थता नाही, म्हणून तिने आसपासच्या बायका जमवून त्या बाळांसाठी लोकरीच्या टोप्या विणायचा गट काढला होता. बाळं मुठीएवढी, त्यांच्या डोक्याची ऊब टिकली पाहिजे. टोपी सैल चालत नाही, घट्ट तर मुळीच चालत नाही. त्यामुळे ताई विणीचा कागद स्वतः लिहायची. पाटीवर. भावजयीच्या कंपनीचा प्रोग्राम म्हणून नव्हे हं. मदतीचं पहिलं पान वाचून, पटलं म्हणून घेतला होता तिने.

त्या दुपारी मास्तरीण सुट्टीवर होती आणि ताईकडे गटाच्या बायकांना चहा देत होती. लोकरमावशी आल्या. गटातला सगळ्यात सफाईदार हात त्यांचा. कानांवर येणाऱ्या नव्या टोपीची वीण ताईने आधी त्यांच्याच हाती दिली होती. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. टोप्या बाहेर पडल्या.

ताईने एक उचलून बोटावर घातली. ती जेमतेम दोन बोटांना पुरली.

"ह्या टोप्या आहेत की अंगुस्तानं?"

"कागदावर होतं तसंच विणलंय, ताई."

"असं कसं असेल कागदावर? एवढी लोकर फुकट घालवलीत. अहो, आकडे दिसत नसतील तर तसं सांगायचं! डोळे गेलेत तुमचे, डोळे. दुसरं काही नाही."

ताईचा आवाज विभागात शिकाऊ नर्सना थरथर कापायला लावायचा, तोच आवाज. लोकरमावशी मागे सरल्या. हातातल्या सुया पिशवीत टाकल्या, पिशवीची गाठ मारली आणि भिंतीचा आधार घेत घेत दारापर्यंत गेल्या. आल्या तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला नव्हता. ते मास्तरणीच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही. तिची नजर टेबलावर राहिलेल्या कागदावर गेली होती.

वर लिहिलं होतं: ‘खाली न दिलेल्या मधल्या सर्व ओळी साध्या विणाव्यात.’ आणि खाली ओळी होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. मधली एकही ओळ वगळलेली नव्हती. आणि काही शब्द ठळक होते.



बायका निघून गेल्यावर तिने विचारलं, "ताई, हा कागद पाटीवरच लिहिलात ना?"

"मग काय भिंतीवर लिहीन?"

"तुम्ही आकडे काय घातले होते?"

"पहिली, नववी, सतरावी, पंचविसावी, एकतिसावी. त्या ओळींना टाके कमी करायचे. मध्ये साधं विणायचं. साधी गोष्ट आहे."

"इथे एक, दोन, तीन आहे बघा. म्हणजे मावशींनी ओळीमागून ओळ टाके कमीच करत नेले. मधलं साधं विणकाम आलंच नाही. आणि तुम्ही चांदणी ते चांदणी परत परत विणा म्हणून चांदण्या घातल्या होत्या ना? त्या गेल्या. शब्द नुसते ठळक झालेत."

ताईने कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "मी असं लिहिलेलं नाही."

"तुम्ही नाही. पाटीने बदललं ते."

"काहीतरीच काय! पाटी मजकुराला हात लावत नाही. तुमच्याच पानावर लिहिलंय. मी वाचूनच घेतली होती ती."

"ते मीच लिहिलंय, ताई."

"मग खोटं लिहिलंस?"

"लिहिलं तेव्हा खरं होतं."

ताईचा विश्वास बसेना. तेव्हा मास्तरणीने तिच्याच संगणकावर नवी फाइल उघडली, एक, नऊ, सतरा असं लिहिलं आणि सेव्ह केलं. नऊचे दोन झाले, सतराचे तीन. ताई त्या दोनकडे अशी बघत राहिली, जणू पाळण्यातलं बाळ कुणी तिच्या डोळ्यांदेखत बदललं होतं.

मग ती म्हणाली, "मावशींनी फोन केला होता मला. विणायला बसल्या तेव्हा. म्हणाल्या, ताई, मधल्या ओळी सापडत नाहीत. मी म्हटलं, कागदावर आहे तसं विणा, डोकं चालवू नका."

दुसऱ्या दिवशी मास्तरीण ऑफिसच्या जिन्यात निम्म्या पायऱ्या गाळत वर गेली. मालक नुकतेच येऊन बसले होते. तिने काही न बोलता एक टोपी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"अरे वा! बाहुलीची?"

"बाळाची होती. तुमच्या हुशार मांडणीने विणलीय."

तिने सगळं सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "अरेरे" म्हणाले. मग म्हणाले, "वाईट झालं. पण विणकामाचे कागद लिहिणाऱ्या किती बायका असणार?"

"टपाल वाचलंत? एका गाण्याच्या शिक्षकांनी लिहिलंय. ते स्वरांच्या मध्ये थांबायच्या जागी छोट्या रेघा घालतात. दोन रेघांची एक झाली, आणि अख्खा वर्ग एकेक मात्रा आधी गायला लागला. एक बाई खटल्यातले जबाब टाइप करतात, त्यांची ओळींची मोडतोड झाली. सगळे एकच विचारतायत, हे बंद कसं करायचं."

"बटण दिलं की लोक बंद करतील."

"करू द्या ना!"

"मग त्या पाहुण्यांना दाखवायचं काय? थोडी कळ काढा. पुढच्या आवृत्तीत बघू."

एरवी ‘बघू’ म्हटलं की मास्तरीण मान हलवून आपल्या जागेवर जायची. आज पाय निघेनात. पंपाने खाली हवा भरायला सुरुवात केली, पेनं थरथरली. ती तशीच उभी राहिली. हातांना काहीतरी करायला हवं होतं, म्हणून तिने मालकांचा कीबोर्ड स्वतःकडे वळवला, त्यांची पाटी उघडली आणि तिच्या त्या सकाळच्या छळवादी दोन रेघा टाइप केल्या. स्पेस दाबली.

रेघा दोनच राहिल्या.

तिने पुन्हा केलं. दोनच. चांदण्या घातल्या, चांदण्या जिथल्या तिथे. एक, नऊ, सतरा लिहून सेव्ह केलं. एक, नऊ, सतरा.

"सर," ती म्हणाली, "तुमच्याकडे हे बंद आहे."

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, फक्त ते आता कुणाचं आहे हे त्यांनाही कळत नसावं. "मला... मला कामाच्या नोंदी लिहायच्या असतात. त्यात ते मध्ये मध्ये यायचं. मुनीने काढून दिलं."

मास्तरीण मुनीकडे वळली. "आणि तुमच्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून बंद," मुनी म्हणाला. आणि मग, वर्षभराचा कोटा आजच संपवायचा असल्यासारखा, बोलतच गेला. "सेटिंगची फाइल आहे, तिच्यात एक ओळ बदलावी लागते. मला वाटलं तुम्हाला कुणीतरी सांगेल. मीच सांगायला हवं होतं. ते चालू असताना मला काम सुचत नाही. कुणालाच सुचणार नाही."

"म्हणजे हे बनवणाऱ्यांना नको, विकणाऱ्यांना नको," मास्तरीण म्हणाली, "आणि ज्यांना सांगायला कुणी नाही त्यांच्या गळ्यात मात्र बांधायचं. आणि त्यावर गोड पान मी लिहायचं."

तिने कीबोर्ड परत मालकांकडे वळवला.

"मी आज पान बदलतेय. हुशार मांडणी तुमचा मजकूर बदलते, असं पहिल्या ओळीत लिहिणार. काय काय बदलते ते लिहिणार. सेटिंगची ओळ कुठे आहे, ती कशी बदलायची, तेही लिहिणार. तुम्हाला पान काढायचं असेल तर तुमच्या हाताने काढा. मी काढणार नाही."

"आणि ब्रीद?" मालकांनी हळूच विचारलं.

"त्या दोन ओळी मी पुसतेय. मुनी बटण देतील तेव्हा परत लिहीन."

जागेवर येऊन तिने ते केलं. पुसायची कळ दाबताना बोट अडलं. आपल्याच माणसाला घराबाहेर काढावं तसं वाटलं. पण मग तिने दाबलं. नवं पान चढवलं, आणि दिवसभर दर थोड्या वेळाने ते जागेवर आहे का बघत राहिली. संध्याकाळी निघेपर्यंत होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. मालक तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. चहा घ्यायला हाक मारेनासे झाले. पान मात्र त्यांनी काढलं नाही. गाण्याच्या शिक्षकांचं टपाल आलं, की वर्ग पुन्हा तालावर आलाय. पाहुणे आले, हुशार मांडणी बघून त्यांच्यातल्या एकाने पहिला प्रश्न विचारला: "हे बंद करता येतं ना?" मालकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत आम्ही सुरुवातीलाच विचारणार आहोत." मुनीने मान खाली घालून त्याच संध्याकाळी बटण बनवायला घेतलं.

इतकं होऊनही मास्तरणीची घालमेल थांबेना. कारण लोकरमावशी गटात आल्या नव्हत्या. गट जमायच्या पुढच्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

ताईने कागद दुरुस्त केला होता. आकडे अक्षरांत लिहिले होते, नववी ओळ, सतरावी ओळ, म्हणजे कुणाची बिशाद नव्हती बदलायची. पण ती तो कागद घेऊन घरातल्या घरात येरझाऱ्या घालायची. खिडकीशी जायची, परत यायची.

"तू जाऊन ये," ती भावजयीला म्हणाली. "सांग त्यांना, पाटीची चूक होती म्हणून."

"पाटीचं मी सांगेन, ताई. पण डोळ्यांचं पाटी नाही बोलली."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की एखादी शिकाऊ नर्स पळून गेली असती. मास्तरीण हलली नाही. मग ताईने खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला शोधायला लागली. त्या तिच्या पायातच होत्या.

लोकरमावशी मुलाकडे राहायच्या. लाँड्रीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर. दार सुनेने उघडलं. ताईला बघून तिचा चेहरा बंद झाला.

"आई आत आहेत. पण त्या हल्ली कुणाला भेटत नाहीत."

आत खिडकीजवळ खुर्ची होती आणि खुर्चीत लोकरमावशी नुसत्या बसल्या होत्या. मांडीवर हात, हातात काही नाही. मास्तरणीने त्यांना रिकाम्या हाताने कधी पाहिलंच नव्हतं. चहा पितानासुद्धा त्यांच्या काखेत लोकरीचा गुंडा असायचा.

"कोण?" त्यांनी विचारलं. दारापासून खुर्चीपर्यंत चार पावलांचं अंतर, आणि उजेड स्वच्छ.

"मी आहे, ताई. आणि आमची ही. बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे की. आता दिसत नाही म्हटल्यावर बसून राहायचं, एवढंच."

सून दारातूनच म्हणाली, "त्या दिवशी तुमच्याकडून आल्या त्या अशाच. रस्ता एकट्या ओलांडत नाहीत. घरातल्या घरातही हात धरून न्यावं लागतं. सुया, लोकर सगळं समोरच्या बाईंना देऊन टाकलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर येत नाहीत."

"कशाला जायचं?" लोकरमावशी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "ताईंचा जन्म गेला इस्पितळात. किती लोकांची दुखणी त्यांनी नुसत्या नजरेने ओळखली. त्या म्हणाल्या डोळे गेले, म्हणजे गेलेच असणार. मला आपलं वाटत होतं दिसतंय म्हणून. म्हाताऱ्या माणसाला वाटतं तसं."

 ताईने रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य या बाईने निदान म्हणून घरी आणलं होतं आणि त्याप्रमाणे जगायला सुरुवात केली होती.

शेवटी मास्तरीणच पुढे झाली. ताईच्या पिशवीतून दोन कागद काढले. जुना आणि नवा. जुना त्यांच्या हातात दिला. "मावशी, हे वाचता का जरा?"

"कशाला थट्टा करता?"

"वाचा ना. माझ्यासाठी."

लोकरमावशींनी कागद धरला. "एक. दोन. तीन. चार. पाच," त्या म्हणाल्या.

"आता हा."

"पहिली ओळ. नववी ओळ. सतरावी. पंचविसावी. एकतिसावी." त्या थांबल्या. पुन्हा पहिला कागद बघितला, पुन्हा दुसरा. कागदाच्या अगदी खाली मुंगीएवढ्या छापील अक्षरांत तारीख होती. तीही त्यांनी वाचली. मग हळूच मान वर करून विचारलं, "हे वेगळे आहेत?"

"वेगळे आहेत," मास्तरीण म्हणाली. "ताईंनी बरोबर लिहिलं होतं. आमच्या प्रोग्रामने न विचारता आकडे बदलले. तुम्ही होतं तसंच विणलंत. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"तुम्ही फोन केला होतात, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं काहीतरी चुकतंय," ताई म्हणाली. तिचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी ऐकलं नाही. आणि वर नाही ते बोलले. माझं चुकलं, मावशी."

 मास्तरणीला वाटलं, आता रडतील. पण त्यांचा चेहरा तांबडा होत गेला, कानांपर्यंत, आणि त्या खुर्चीतून उठल्या त्या कुणाच्याही आधाराशिवाय.

"म्हणजे इतके दिवस मी उगाचच आंधळी होते?" त्या ओरडल्या. "सुनेचा हात धरून न्हाणीघरात जात होते, ते उगाच? नातीचा फ्रॉक अर्धा सोडला, तो उगाच? परवा सगळे बागेत गेले, मी म्हटलं मी येऊन काय बघणार! ताई, तुम्ही जीभ उचलून टाळ्याला लावलीत आणि माझं जग काळं झालं की हो! आणि तुम्ही," त्या मास्तरणीकडे वळल्या, "तुमचं ते यंत्र कुणाला विचारून दुसऱ्याच्या ओळीत हात घालतं?"

"कुणालाच नाही," मास्तरीण म्हणाली. "तेच तर."

"तेच तर!" लोकरमावशींनी तिची नक्कल केली. मग त्यांना काहीतरी आठवलं. "माझ्या सुया!" त्या म्हणाल्या, आणि दाराकडे निघाल्या.

"आई, थांबा, हात धरते," सून म्हणाली.

"धर तुझ्या नवऱ्याचा!"

त्या उंबऱ्याबाहेर पडल्या, लाँड्रीच्या वाफेतून पुढे गेल्या आणि थेट रस्त्यावर उतरल्या. रस्ता मोठा होता, दुतर्फा वाहतूक चालू होती. एक मोटरसायकल करकचून थांबली, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लोकरमावशींनी त्याच्याकडे बोट दाखवून, "दिसतोयस मला, दिसतोयस!" असं बजावलं आणि पदर खोचून पलीकडे गेल्या. मागे ताई, तिच्यामागे मास्तरीण, आणि सगळ्यांच्या मागे हात पुढे धरलेली सून, अशी वरात रस्ता ओलांडून गेली.

समोरच्या बाई पायरीवर बसून त्याच सुयांवर एक मोजा विणत होत्या. टाके सैल, कड वाकडी. लोकरमावशींनी तो मोजा सुयांसकट त्यांच्या हातातून घेतला.

"अहो, तो माझ्या मुलाचा—"

"मीच पुरा करून देते. आधी उसवते हं, तीन ओळी मागे टाका निसटलाय."

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि उसवायला लागल्या. हात भराभर चालत होते, श्वास अजून रागाने वरखाली होत होता. मास्तरीण शेजारी टेकली. तिचे स्वतःचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते, हे तिला जरा वेळाने जाणवलं. ताई मात्र उभीच होती. बसावं की जावं ते तिला समजेना. बऱ्याच वेळाने लोकरमावशी वर न बघता थोड्या सरकल्या. जागा झाली ती अगदीच एवढीशी. ताई त्यात अंग चोरून बसली.